खाणीच्या पाण्याची काठी

दुकान रिकामं करायचं होतं, एवढंच काम होतं. सकाळी चहा देताना वहिनीने सांगितलं होतं की लोकांच्या काठ्या लोकांना देऊन टाक, झाडून घे आणि कुलूप लावून किल्ली घरी आण. दिवेलागणीच्या आत ये, असंही ती म्हणाली. हे शेवटचं ती हल्ली रोज म्हणायची. घरातला एक माणूस परत आला नाही, की उरलेल्याची वेळ माणूस दारात उभं राहून बघतं.

धाकट्याने दुकानाच्या दाराच्या फळ्या काढल्या आणि दादाचा वास अंगावर आला. दादा जाऊन बरेच दिवस झाले होते, पण रोगण, ओलं बूच, तापवलेला बांबू आणि या सगळ्याखाली त्याच्या बिडीचा वास तसाच कोंडून राहिला होता. धाकटा उंबऱ्यावरच बसला. थोडा वेळ रडला, मग बाहीने नाक पुसून कामाला लागला. रडणं आणि काम, दोन्ही तो असंच करायचा, तडकाफडकी. चौथीतून शाळा सोडली तीही अशीच, मधल्या सुट्टीत, दप्तर वर्गात ठेवून.

दुकान लांबट आणि अरुंद होतं. डाव्या भिंतीला गळाच्या काठ्या उभ्या, उजवीकडे कामाचं टेबल, मागे दार आणि दारामागे परस. धाकट्याला वाचण्याचा कंटाळा, म्हणून दादा काठ्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावत नसे. रंगीत दोरा बांधायचा. पण धाकट्याला दोऱ्याचीही गरज नव्हती. काठी हातात घेतली की तिचं पाणी कळायचं. पुलाखाली धार जोरात असते, तिथली काठी ताठ. तळ्याचं पाणी झोपलेलं, तिथली मऊ आणि सावकाश वाकणारी. झाडं ओणवी झालेल्या ओढ्यावर आखूड, नाहीतर गरी, म्हणजे टोकाचा आकडा, पाण्यात पडण्याआधी फांदीलाच लागायची. धरणाच्या भिंतीवरून लांब फेकणाऱ्याची काठी त्याच्या दीडपट उंच. दुसऱ्याची चप्पल आणि दुसऱ्या पाण्याची काठी, घालता येते पण चालता येत नाही, असं दादा गिऱ्हाइकांना सांगायचा.

गिऱ्हाईक आलं की दादाचे तीन प्रश्न ठरलेले. पाणी कुठलं? हात कुणाचा? मासा कसा?

पाणी तो स्वतः जाऊन बघायचा. शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडून खोली मोजायचा, तळाला चिखल आहे की दगड ते गोळ्याला लागून आलेल्या घाणीवरून ओळखायचा. हातासाठी चिकणमातीचा गोळा होता. गिऱ्हाइकाने तो मुठीत घट्ट दाबायचा, मग त्या ठशावर दादा काठीची मूठ कोरायचा. आणि माशासाठी धाकटा होता.

हे लहानपणापासून चालत आलेलं. काठी तयार झाली की दोघं परसात जायचे. दादा काठी धरून उभा राहायचा आणि तंगुसाचं, म्हणजे गळाच्या दोऱ्याचं, टोक धाकट्याच्या मनगटाला बांधायचा. गरी नसायची. चाचणी ती चाचणी, गरी गिऱ्हाईक आपली आपण लावतं, असं दादा म्हणायचा. मग दोन हलके हिसके यायचे. त्याचा अर्थ, तयार आहेस का, पळ. आणि धाकटा परसभर उधळायचा, कुंपणापर्यंत, विहिरीमागून, कपड्यांच्या दोरीखालून, आणि दादा काठी वाकवत त्याला खेळवायचा. ओठावर मिशा आल्या तरी हे काम धाकट्याकडेच राहिलं. शेजारचे हसायचे. दादाही हसायचा.

"तुझ्यासारखा मासा असला ना, तर शेंडा एकदम मऊ ठेवावा लागतो," असं तो एकदा म्हणाला होता. "टोचलं की उधळतो. ताठ काठीने धरायला गेलं तर तोडून जाईल. त्याला नुसतं पळू द्यायचं. दमला की आपल्या पायाने येतो."

काठी पसंत पडली की दादा माती पुन्हा मळून तिचा गोळा करायचा आणि भिंतीतल्या फळीवर ओल्या फडक्याखाली ठेवून द्यायचा. त्या गिऱ्हाइकाचं काम तिथे संपलं.

दुपारपर्यंत बहुतेक काठ्या गेल्या. लोक येत, खाली बघत, काठी घेत, जाता जाता खांद्यावर हात ठेवत. शेवटी होडीवाला आला. दादा खाणीत बुडाला तेव्हा याच होडीवाल्याने आपली होडी बैलगाडीवर घालून खाणीपर्यंत नेली होती आणि आकडे टाकून तळ चाळला होता. गावाबाहेरची ती जुनी दगडखाण, काम बंद पडल्यावर पाण्याने भरलेली. काठावर दादाच्या चपला सापडल्या, चष्मा सापडला, शिशाच्या गोळ्याची दोरी नीट गुंडाळलेली सापडली. दादा सापडला नाही. पाणबुडे आले, तेही हात हलवत परत गेले. वहिनीने अजून त्याचा टॉवेल दोरीवरून काढलेला नाही.

होडीवाल्याने आपली काठी घेतली, वाकवून बघितली, मान डोलावली. मग त्याचं लक्ष भिंतीच्या कोपऱ्यात गेलं.

"ती कुणाची?"

धाकट्यालाही ती आत्ताच दिसली. बाकीच्या काठ्या होत्या तोवर ती त्यांच्यामागे लपली होती. तिला दोरा नव्हता, मूठही नव्हती. त्याला आठवलं, दादा शेवटचे काही आठवडे हीच घेऊन बसत होता. कुणाची म्हणून विचारलं तेव्हा दादा म्हणाला होता, पाणी ठरलंय, गिऱ्हाईक ठरायचंय. धाकट्याला ते उत्तर मिश्कील वाटलं होतं. दादा तेव्हा हसला नव्हता हे मात्र आत्ता आठवलं.

त्याने काठी उचलली आणि ती अंदाजापेक्षा कितीतरी जड निघाली. होडीवाल्याने ती हातात घेऊन उजेडाकडे धरली.

"बुडात शिसं ओतलंय. हे कशाला?" तो बोट फिरवत वर गेला. "आणि ही बघ, बांबूच्या प्रत्येक पेराला भोक. पाणी आत शिरेल की. दादाच्या हातून अशी चूक?"

"दादाच्या हातून चूक होत नाही."

"तेच म्हणतोय मी." होडीवाल्याने काठी आडवी करून फिरवली. "रोगण बघ किती थर. आतून, बाहेरून, कड्यांच्या खालीसुद्धा. आपण काठीला पाणी लागू नये म्हणून रोगण देतो. ही तर जन्मभर पाण्यातच राहायची असल्यासारखी..." तो हसायला गेला. "म्हणजे धरून बसणारासुद्धा आतच बसायला पाहिजे."

हसू त्याच्या तोंडावर अर्धवट राहिलं. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि दुकानात भर दुपारी दिवा लावावा असा अंधार झाला होता. होडीवाल्याने काठी टेबलावर ठेवली, हात धोतराला पुसले.

"मोडून जाळून टाक," तो हलक्या आवाजात म्हणाला. "खाणीचं पाणी मी चाळलंय. त्याला तळ लागत नाही रे. आकडा खाली जातो, आणि मग वाटतं कुणीतरी तो हातात घेऊन बघतंय, आणि सोडतंय. तुझ्या वहिनीला मी हे सांगितलं नाही. तूही सांगू नकोस."

तो गेला. धाकटा काठीकडे बघत बसला आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरू लागली. ही काठी ज्याची, त्याच्यासाठी दादा खाणीवर गेला. त्याच्यासाठी दोरी सोडून पाणी मोजत बसला. म्हणजे कुठेतरी एक माणूस होता, ज्याने दादाला तिथे धाडलं, आणि जो नंतर तोंड दाखवायलाही आला नाही. धाकट्याच्या कानशिलात रक्त चढलं. त्या माणसाची गचांडी धरायची. बाकी काही नाही, नुसती गचांडी धरून विचारायचं, कशासाठी?

पण त्याला ओळखायचं कसं? मग त्याला मातीची आठवण झाली.

फळीवर ओलं फडकं तसंच होतं. त्याने ते उचललं. खाली मातीच्या गोळ्यावर मुठीचा ठसा होता, घट्ट, खोल, नुकताच दाबल्यासारखा. दादा खाणीवर गेला त्या दिवशी, तो गेल्यावर, धाकट्यानेच फळी पुसून दुकान बंद केलं होतं. तेव्हा गोळा गुळगुळीत होता. हे त्याला पक्कं आठवत होतं, आणि तरीही त्याने ते मनातून झटकलं, कारण दुसरा विचार जास्त जोरात होता. हा त्याचा हात. हा हात लाकडात उतरवायचा, आणि मग गावातला एकेक हात हातात घेऊन बघायचा.

वहिनीला त्याने सांगितलं की दोन-चार काठ्या राहिल्यात. खोटं बोलताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली, सावकाश कर, पण अंधार पडायच्या आत ये.

मूठ कोरायला त्याला फार दिवस लागले नाहीत. दादाने टेबलाखाली काळ्या, जड लाकडाचा तुकडा काढून ठेवला होता. धाकट्याने तो पाण्याच्या बादलीत टाकून बघितला तर दगडासारखा तळाला गेला. बूच वापरायचं नव्हतं, कारण बूच तरंगतं. काठीत काहीही तरंगणारं नको होतं. हे कळलं तेव्हा त्याच्या हातातली कानस क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. तो दादाच्या पद्धतीने कोरत होता, ठशावर बोट फिरवायचं, लाकडावर फिरवायचं, पुन्हा ठशावर. माती इतक्या दिवसांत वाळायला हवी होती. कुणी फडकं ओलं करत नव्हतं. पण बोट लावलं की ती गार आणि मऊ लागायची आणि तिला वास यायचा, दुकानात कुठेच नव्हता असा वास, साचलेल्या पाण्याच्या तळाचा.

शेवटचा रोगणाचा हात वाळला त्या दिवशी सकाळपासून झाकोळ होता. दुपार कलली तेव्हा त्याने मूठ बुडात बसवली, काठी उभी केली आणि प्रथमच ती नीट धरली.

त्याचा हात बसेना. तीन बोटं खाचेत गेली, पण चौथ्याला खाच नव्हती. करंगळीच्या जागी मुठीच्या अंगाला एक सरळ, लांब पन्हळ होती, जणू धरणाऱ्याची करंगळी वाकतच नव्हती. तो ठसा त्याने स्वतः कोरला होता, कितीदा बोट फिरवलं होतं, आणि घाईत त्याला दिसलं नव्हतं.

दादाच्या करंगळीवर लहानपणी दुकानाची फळी पडली होती. ती पुन्हा कधी वाकली नाही. धाकट्याला रस्ता ओलांडायला शिकवताना, शाळेतून मारून घरी आणताना, आईच्या आजारपणात रात्रभर जागताना, तो हात त्याने इतक्या वेळा धरला होता, की ती ताठ करंगळी आपल्या तळव्याबाहेर कुठे राहते हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं.

माणसाने अशा वेळी घाबरायला हवं होतं. वहिनीला हाक मारायला हवी होती, निदान होडीवाल्याकडे तरी जायला हवं होतं. धाकट्याच्या मनात यातलं काही आलं नाही. दादा दुकानात आला होता, एवढंच आलं. दादाने माती दाबली, म्हणजे दादाला काठी हवी आहे. त्याने फळ्याही लावल्या नाहीत. काठी खांद्यावर टाकली आणि खाणीचा रस्ता धरला.

खाणीवर कुणीच नव्हतं. दिवस मावळायला वेळ होता, पण ढगांनी उजेड गिळला होता. वरून पाऊलवाट उतरत जाते आणि शेवटी दगडाच्या एका पायरीवर संपते. पायरीखाली लगेच पाणी. वारा नव्हता. पाण्यावर एक तरंग नव्हता, एक पान नव्हतं. धाकटा पायरीवर उभा राहिला आणि त्याला त्या मातीचा वास आला.

"दादा," तो म्हणाला. आवाज समोरच्या कातळाला लागून परत आला नाही.

मग त्याने दुकानाचा नियम पाळला. काठी वाकवून बघितल्याशिवाय द्यायची नाही. त्याने तंगुसाचं टोक घेतलं आणि आपल्या मनगटाला बांधलं, कारण कुणीतरी मासा व्हायलाच हवं, आणि काठी पाण्यात सोडली.

ती आडवी पडली नाही. बुडाच्या शिशाने उभी झाली, पेरांच्या भोकांतून बुडबुडे सोडत सरळ खाली उतरत गेली, मूठ, कड्या, मग शेंडा. तंगूस काठीच्या चक्रीवरून सुटत राहिला. सुटतच राहिला. धाकट्याला वाटलं आता संपेल. मग तो थांबला.

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग मनगटाला दोन हलके हिसके आले.

त्याचे पाय विचारासाठी थांबले नाहीत. ते कधीच थांबले नव्हते. तो वळला आणि पाऊलवाटेने वर उधळला, दगडांवरून, झुडपांतून, आणि मागे तंगूस सैल सुटत राहिला, मग हळूहळू भरला, मग मऊ, मऊ ताण आला. हिसका नाही. झटका नाही. तो डावीकडे वळला तर ताण डावीकडे आला, उजवीकडे वळला तर उजवीकडे. हा हात त्याला ठाऊक होता. जगात असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. तो धावता धावता रडत होता, आणि खरं सांगायचं तर हसतही होता. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्याला कुणीतरी धरलं होतं.

मग तो दमला. छाती भरून आली, तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. ताणही थांबला. नुसता भरलेला राहिला, वाट बघत.

आणि धाकटा खाली चालू लागला.

कुणी ओढत नव्हतं. त्याच्या पायांना उताराची सवय असल्यासारखे ते आपले आपण पडत होते. पायरी आली, पायरीखालची दुसरी पायरी आली, ती पाण्यात होती. पाणी घोट्याला लागलं, पोटऱ्यांना लागलं. समोर हातभर अंतरावर काठीचा शेंडा पाण्याबाहेर आला होता. बारीक, काळा, सोललेल्या वेतासारखा. तो वाकत होता आणि सरळ होत होता, वाकत होता आणि सरळ होत होता. किती मऊ शेंडा होता. दादाने इतका मऊ शेंडा आयुष्यात कुणाला बनवून दिला नव्हता.

पाणी मांड्यांना लागलं तेव्हा धाकट्याला ते वाक्य आठवलं. दमला की आपल्या पायाने येतो.

पाणी कुठलं, हे दादाने मोजलं होतं. हात कुणाचा, हे मातीने सांगितलं होतं. मासा कसा, हा तिसरा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर सगळ्यात आधी ठरलं होतं. गिऱ्हाईक ठरायच्याही आधी.

"दादा..." तो म्हणाला. "वहिनी एकटी आहे रे."

शेंडा वाकलेला राहिला. सरळ झाला नाही, जास्त वाकलाही नाही. कुणीतरी ऐकत असावं तसा.

धाकट्याने मनगट तोंडाशी नेलं. गाठ भिजून आवळली होती, सुटेना. त्याने तंगूस दातांत धरला आणि चावला, ओठ कापेपर्यंत चावला. तो तुटला तेव्हा आवाज झाला नाही. सैल टोक पाण्यावर पडलं आणि आत जाऊ लागलं. घाईने नाही. चक्रीवर कुणी नीट, एकेक वेढा शेजारी शेजारी बसवत गुंडाळावं, तसं. मग शेंडाही खाली गेला आणि पाणी मिटलं.

घरी वहिनी दारातच होती. कंबरेपर्यंत भिजलेला, ओठ फुटलेला दीर बघून तिने त्याला हाताला धरून आत घेतलं. पाय घसरला, असं तो म्हणाला. तिने कोरडे कपडे आणून दिले, कात्रीने त्याच्या मनगटावरची गाठ कापली आणि तो तंगुसाचा तुकडा बराच वेळ हातात धरून बसली. ही गाठ तिने त्याच्या मनगटावर लहानपणापासून बघितलेली होती. शेवटी तिने तो चुलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्याबरोबर दुकानात आली. म्हणाली, आज कुलूप मी लावते. दुकान रात्रभर उघडंच राहिलं होतं, पण काही हललं नव्हतं. भिंती मोकळ्या होत्या. धाकट्याने कचरा भरला, वहिनीने टेबल पुसलं. मग ती फळीपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली.

फडकं धुऊन, पिळून, चौकोनी घडी करून बाजूला ठेवलेलं होतं. माती मळून तिचा गुळगुळीत गोळा केलेला होता. त्यावर अजून पाणी चमकत होतं.

"ही तू मळलीस?"

"नाही."

वहिनीने दादाची बायको म्हणून या दुकानात बरीच वर्षं काढली होती. माती केव्हा मळतात हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती धाकट्याकडे वळली. तोंडातून शब्द फुटायच्या आधी तिची नजर त्याच्या हातावर गेली.

"गिऱ्हाइकाला काठी पसंत पडली, वहिनी," धाकटा म्हणाला. "ती चाचणी होती. गरी गिऱ्हाईक आपली आपण लावतं."

त्याच वेळी मनगटात बारीक काहीतरी टोचलं. त्याने बाही वर केली. काल गाठ होती त्या जागी रक्ताचा एक थेंब उभा राहिला होता, मोहरीएवढा. मनगटाला काही बांधलेलं नव्हतं. दोघांनीही बघितलं, काहीच नव्हतं. तरी त्या जागची कातडी हलकेच वर उचलली गेली, आणि खाली बसली. मग पुन्हा एकदा उचलली गेली.

दोनदा.

धाकटा या वेळी पळाला नाही. वहिनीने त्याचा दुसरा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. बाहेर पावसाची भुरभुर सुरू झाली होती आणि गटारातून पाणी खाणीच्या दिशेने वाहत होतं. ताण असा काही नव्हता. कुणीतरी नुसता सैल दोरा भरून घेत होतं, सावकाश, एकेक वेढा शेजारी शेजारी बसवत.